बी विंगखालच्या चार नंबरच्या पार्किंगबद्दल : आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुले पत्र

प्रति,
मा. चेअरमन, सेक्रेटरी आणि कमिटीचे सर्व सदस्य,
तसेच ग्रुपवर अंगठा दाखवणारे सर्व सभासद,
आपली सोसायटी, शाहूपुरी, सातारा.

विषय : 'भंगार वाहन आठ दिवसांत हलविणेबाबत' या नोटिशीला उत्तर.

सप्रेम नमस्कार.

नोटीस मिळाली. खरं म्हणजे मिळाली नाही. लिफ्टशेजारच्या फलकावर चिकटवलेली दिसली, आणि मी ती वाचेपर्यंत ग्रुपवर तिच्याखाली चौदा अंगठे पडलेही होते. विचारणा चारचौघांत झाली, तेव्हा उत्तरही चारचौघांत देतो. गोडोलीत आणि करंज्यात माझ्यासारखेच जुनी गाडी बाळगून असलेले दोघे-तिघे ओळखीचे आहेत. त्यांच्याही सोसायट्यांत हीच कुरबूर चालू आहे. त्यांना या पत्राचा उपयोग झाला तर बरंच.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चार नंबरच्या पार्किंगमधलं वाहन, म्हणजे माझी जुनी प्रीमियर पद्मिनी, अडीच महिने हललेलं नाही, त्याची मागची दोन चाकं काढून ठेवलेली आहेत, खाली तेल सांडतं, मुलं जवळ जातात आणि एकूण 'सोसायटीच्या शोभेला बाधा' येते. यातलं बरंचसं खरं आहे, तेल अर्धं खरं आहे, आणि शोभेवरून मी भांडणार नाही. आपल्या पाण्याच्या टाकीवरची फाटकी निळी ताडपत्री गेली तीन वर्षं आपण सगळेच बघतोय.

मला लागला तो 'भंगार' हा शब्द.

गाडी भंगार झाली की नाही, हे ठरवायची एक रीत आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आली की फॉर्म २५ भरायचा, गाडी घेऊन आरटीओत जायचं. तिथे इन्स्पेक्टर ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर बघतो, चेसिस नंबर कागदाशी ताडून पाहतो, आणि गाडी रस्त्यावर चालण्यालायक वाटली तर पाच वर्षं वाढवून देतो. माझी गाडी नोव्हेंबर १९८४ ची. १९९९ पासून २०२४ पर्यंत ती सहा वेळा या परीक्षेला बसली. २००९ साली हँडब्रेकवर नापास झाली, आठवड्याने पुन्हा नेली, पास झाली. २०१९ ला या नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, म्हणून २०२४ ला मी पाच हजार भरले. ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरच्या मोटारीला आता १०,००० झालेत, तेव्हा २०२९ ला दहा हजारांची तयारी ठेवली आहे. वर पर्यावरण कर वेगळा. सरकारला आमच्या गाड्या फारशा आवडत नाहीत, हे फीवरून कळतं. तरीसुद्धा सरकार माझ्या गाडीला भंगार म्हणालेलं नाही. ते आपल्या कमिटीने, गाडीचं बॉनेट न उघडता, एका मीटिंगमध्ये ठरवलं.

ग्रुपवर कुणीतरी दिल्लीची बातमी टाकली होती. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी हा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यातला विषय आहे; तो खंबाटकी उतरून इकडे आलेला नाही. २०२१ चं स्क्रॅपचं धोरणही खासगी गाडीचं वय बघून तिचा पत्रा कापा असं म्हणत नाही. तपासणीत नापास झालेल्या गाडीचं काय करायचं, याबद्दल ते आहे. पीयूसी म्हणाल तर २००० सालच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. माझ्या गाडीचा मागच्या वेळी १.८ आला. पीयूसीवाल्या पोराने दोनदा नळी घालून बघितलं, कारण त्याचाही विश्वास बसेना.

'व्हिंटेज म्हणून नोंद का करत नाही?' असंही एका सभासदाने विचारलं आहे. प्रश्न चांगला आहे. त्याला गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते, माझीला अजून आठ-नऊ वर्षं आहेत. शिवाय एकदा व्हिंटेज झाली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. म्हणजे मान मिळणार आणि पाय जाणार. मला गाडी मंडईला न्यायची असते.

आता गाडीबद्दल. आपल्या इमारतीत निम्मे लोक असे आहेत की ज्यांनी ही गाडी फक्त जुन्या सिनेमात बघितली आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना ती टॅक्सी वाटते. ही प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळची फियाट ११००. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. आमच्या घरात मात्र ती शेवटपर्यंत 'फियाट'च. १०८९ सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे स्प्रिंगचे पाटे आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या बगलेत. त्या दांड्याची बुशं झिजली की गिअर मध्येच अडकतो. मग भर चौकात उतरायचं, बॉनेट उघडायचं, लिंकेज हाताने ओढून गिअर न्यूट्रलला आणायचा आणि मागच्यांच्या शिव्या खात पुन्हा आत बसायचं. मोती चौकात हे माझं तीनदा झालंय. चौथ्यांदा व्हायच्या आत मी बुशं बदलली, आणि स्वतःच्या हाताने केलेलं ते माझं पहिलं काम.

मी काही मेकॅनिक नाही. बँकेत कारकून होतो, आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. गाडी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९१ साली वाईच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून. आई चार दिवस बोलली नव्हती. पाचव्या दिवशी आबा आम्हाला यवतेश्वरला घेऊन निघाले, एप्रिल महिना, भर दुपार. घाटात निम्म्यावर गाडी गचके खाऊन बंद पडली. आबा शांतपणे उतरले, आईकडून पाण्याची बाटली घेतली, खिशातला रुमाल भिजवला आणि इंजिनच्या अंगाला बसवलेल्या पेट्रोलपंपावर ठेवला. दहा मिनिटं आम्ही कठड्यावर बसून खालचा सातारा बघितला. मग गाडी एका चावीत सुरू झाली. पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ खेचत बसतो आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही. ओल्या फडक्याने पंप गार केला की झालं. हे त्यांना त्या डॉक्टरांनी चावी देताना सांगितलं होतं, आणि पंपावर ठेवायचं फडकं आजही डाव्या दाराच्या कप्प्यात असतं.

मुद्द्यावर येतो : अडीच महिने गाडी का उभी आहे?

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी पोवई नाक्याच्या चढावर दम खायला लागली. वाफेचे दिवस संपले होते, म्हणून पंप काढला. दोन नट, दोन पाइप. उघडायच्या आधी वरच्या-खालच्या दोन्ही भागांवर कानशीने एक आडवी रेघ मारून ठेवायची, म्हणजे परत जोडताना तोंडं चुकत नाहीत. हे शहाणपण मला एकदा तोंडं चुकल्यावर आलं. सहा स्क्रू काढले आणि आतला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा, हातात घेतला, तर तो भिजलेल्या पापडासारखा लिबलिबीत. पेट्रोलचा रबरी पाइपही आतून सुटून त्याचे काळे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, बसलेले. कारण तुम्हालाही माहीत आहे, फक्त त्याचा संबंध लागला नसेल. पेट्रोल भरायच्या पंपावर हल्ली मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेलं. १९८४ साली हे रबर ज्यांनी बनवलं, त्यांच्या डोक्यात इथेनॉल नव्हतं. इथेनॉल रबर फुगवतं, वर हवेतलं पाणी ओढून घेतं, मग गाडी पावसाळ्यात उभी राहिली की टाकीला आतून गंज. आणि हे इथेनॉल येतं कुठून? आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांतून. माझ्या मेहुण्याचा कऱ्हाडजवळचा ऊस कारखान्यावर जातो, त्याचं बिल आलं की आम्ही त्याच्याकडे जेवायला जातो, आणि तोच ऊस वर्षभराने माझ्या पंपाचा डायफ्राम खातो. तक्रार कुणाकडे करू? जेवलोय मी त्या पैशांवर.

नवा डायफ्राम आणायला कुर्ल्याला गेलो. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर हिचं सामान कुठेही, कसंही मिळायचं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ज्या दुकानांत पूर्वी कप्पेच्या कप्पे होते, तिथे आता दुकानदार एका पत्र्याच्या डब्यात हात घालून शोधतो. मिळाला. जुन्या स्टॉकचा होता, म्हणून इथेनॉलला टिकणारं रबर शोधून साताऱ्यात एकाकडून वेगळा कापून घेतला आणि कुर्ल्याचा राखीव ठेवला. पाइपही नव्या गाडीचा इंधनाला चालणारा घातला. यात तीन आठवडे गेले.

तेवढ्यात आपला साताऱ्याचा पाऊस. गाडी हँडब्रेक ओढून उभी, ही चूक माझी. जुन्या गाडीला पावसाळ्यात हँडब्रेक लावून ठेवायचा नसतो, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायचा असतो. ब्रेक शू, म्हणजे आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ड्रमला धरून बसले. लाकडी हातोडीने चारी बाजूंनी ठोकून ड्रम काढला, तर डाव्या चाकाच्या ब्रेक सिलिंडरमध्ये पिस्टन गंजून अडकलेला आणि सिलिंडरला आतून खड्डे. ब्रेक ऑईल पाणी शोषतं, दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. मी तीन वर्षं बदललं नव्हतं. नुसतं नव्या रबरांचं किट घालून भागलं असतं, असं दोघांनी सांगितलं. पण ब्रेकच्या बाबतीत 'भागलं' हा शब्द मला चालत नाही. खड्ड्यांवर नवं रबर घातलं की चार महिन्यांत ऑईल झिरपतं आणि नेमकं घाटात कळतं.

म्हणून तो सिलिंडर एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे दिला, आतून कातून त्यात पितळी स्लीव्ह, म्हणजे नळीचं अस्तर, बसवायला. एका नगाचं काम. तो म्हणाला, "साहेब, हातातली ऑर्डर संपू द्या, मग बघतो." मी थांबलो. ज्या जिल्ह्यात धनजीशा कूपर यांनी सातारारोडला लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिनं बनवली, तिथे मायक्रोमीटर लावून एक नग कातून देणारा माणूस अजून आहे, यातच मला समाधान होतं. तुम्ही ज्या वेळी फलकावर नोटीस चिकटवत होता, त्या वेळी गाडीचा डावा ब्रेक एमआयडीसीत रांगेत होता. एवढीच ही अडीच महिन्यांची कहाणी. कुणी जिन्यात भेटून विचारलं असतं तर तिथेच सांगितली असती, कदाचित जरा जास्तच.

आता माझे गुन्हे. लपवत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सव्वासातला झालेला स्फोट गॅस सिलिंडरचा नव्हता आणि शेजारच्या लग्नातला सुतळी बॉम्बही नव्हता. तो मीच केला. प्लग साफ करायला काढले होते. ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरून चार प्लगना जाणाऱ्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लागतात. मी चहा पीत पीत दोन वायरींची अदलाबदल केली आणि स्टार्टर मारला. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये गेलं आणि तिथे पेटलं. बी विंगमधल्या आजोबांच्या हातातला पेपर खाली पडला, हे मला नंतर कळलं. त्यांची मी घरी जाऊन माफी मागितली आहे; त्यांनी मला त्यांच्या लँब्रेटा स्कूटरची गोष्ट दीड तास सांगितली, तेव्हा हिशेब चुकता झाला असं मी समजतो.

तेलाचं म्हणाल तर गळती आहे. ऑईल चेंबरचं पॅकिंग बदललं, तरी थेंब पडतो. मी खाली भुसा टाकायचो, तो वाऱ्याने तुमच्या गाड्यांखाली जायचा. आता पत्र्याचा ट्रे केला आहे. जळकं ऑईल मी कधीही गटारात ओतलेलं नाही. ते कॅनमध्ये जमा करून मेस्त्रींच्या गॅरेजवर देतो, तिथून ते गोळा करणारा घेऊन जातो.

तिसरी गोष्ट नोटिशीत नाही, पण असायला हवी होती. गाडीचा पेट्रोलपंप मी पार्किंगमध्येच उघडला, आणि तिथून बारा फुटांवर आपली मीटररूम आहे. वाटीभर पेट्रोल उघड्यावर होतं. माझी मेहनत, माझी गाडी, सगळं ठीक. पण ते काम तिथे करायला नको होतं. कमिटीने मला यावरून झापलं असतं तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. तुम्ही शोभेवरून झापलंत.

मुलांचंही तुमचं बरोबर आहे. चाकं काढलेली गाडी जॅकवर कधीच नव्हती. लोखंडी घोड्यांवर आहे आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे आहेत. पण दहा वर्षांच्या मुलाला जॅक आणि घोडी यांतला फरक कळावा, अशी अपेक्षा करता येत नाही. मी चारी बाजूंनी दोरी बांधतो. फक्त एक सांगतो. ए विंगमधली एक मुलगी, आठवीतली, रविवारी येऊन उभी राहते. तिला मी फिलर गेज, म्हणजे फट मापायच्या पातळ पात्यांचा जुडगा, धरायला दिला. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली, ती पाती सरकवून मापायची असते, अडकत घासत गेली पाहिजे. तिला पहिल्या झटक्यात जमलं. मला आठ रविवार लागले होते.

मला जे म्हणायचं आहे ते असं. आपण वाडे सोडून इथे राहायला आलो. वाड्याला अंगण होतं, तिथे कुणी खाट विणायचं, कुणी सायकलचं पंक्चर काढायचं, वर्षातून एकदा कल्हईवाला भट्टी लावून बसायचा. कुणी त्याला नोटीस काढली नाही. इथे बिल्डरने आपल्याला पार्किंग दिलं, क्लब हाऊसची जागा दिली, पण जिथे बसून काही दुरुस्त करावं अशी हातभर जागा पूर्ण नकाशात नाही. त्यामुळे पाना हातात घेतलेला माणूस आपल्याला गैरसोय वाटतो आणि उघडलेली वस्तू मेलेली वाटते. त्याच आठ दिवसांत आपल्या इमारतीतून दोन मिक्सर आणि एक जवळजवळ नवा टीव्ही भंगारवाल्याकडे गेला. एका मिक्सरची फक्त कपलिंग तुटली होती. मी बघितली, खिशात ठेवली आहे. ज्यांचा असेल त्यांनी मागावी.

तेव्हा माझी विनंती. नोटिशीतला 'भंगार' शब्द मागे घ्यावा, 'दुरुस्तीतले वाहन' म्हणावं. रविवारी नऊ ते बारा मला माझ्याच चार नंबरमध्ये काम करू द्यावं. नऊच्या आत इंजिन सुरू होणार नाही. ट्रे राहील, दोरी राहील, अग्निशामक सिलिंडर मी माझ्या खर्चाने आणून खांबाला लावतो आणि तो सगळ्यांसाठी राहील. पेट्रोलचं कुठलंही काम इथे होणार नाही, त्यासाठी मेस्त्रींनी त्यांच्या शेडमध्ये जागा दिली आहे. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, गिऱ्हाईक कमी झालंय, सोबत हवीच असते. आणि पुढे कधी माझी गाडी सलग महिन्याच्या वर उभी राहणार असेल तर कारण आणि अंदाजे तारीख मी स्वतः फलकावर लिहीन. लेथवाल्याच्या वतीने मात्र तारीख देता येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आठ दिवसांची मुदत शुक्रवारी संपते. स्लीव्ह बसवलेला सिलिंडर काल संध्याकाळी मिळाला. उद्या बसवतो, मग ब्रेकमधली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात : एक आत बसून पेडल दाबायला, एक चाकाशी निपल उघडायला. माझी बायको गेली बावीस वर्षं पेडल दाबते आहे, तिने या खेपेला कमिटीतल्या कुणालातरी बोलवा असं सुचवलं आहे. गुरुवारी सकाळी साडेनऊ. पेडल हळू दाबायचं, मी 'धरा' म्हटलं की धरून ठेवायचं, 'सोडा' म्हटलं की सोडायचं. एवढंच काम आहे.

आपला,
बी-२०३ मधला सभासद

ता. क. : चेअरमनसाहेब, तुमच्या नव्या गाडीचा ड्रायव्हरकडचा वायपर काचेवर करकरतोय. रबर फाटलं आहे, आतली पट्टी काचेला लागते. अजून चार पाऊस असाच फिरवलात तर काचेवर अर्धगोल ओरखडा पडेल. नवं रबर आणून ठेवा, रविवारी नऊनंतर कधीही या.